झेंडा अर्ध्यावर, पण आधी शेंड्याला

मोठा नेता गेला की तासाभरात दोन गोष्टी होतात. फोटोला हार चढतो आणि कुणीतरी झेंड्याच्या दोरीला हात घालतो. हारात चुकण्यासारखं काही नसतं. झेंड्याचं मात्र हमखास चुकतं.

खालून सरळ निम्म्यापर्यंत ओढायचा आणि दोरी बांधून मोकळं व्हायचं, ही सर्रास पद्धत. ध्वजसंहिता वेगळं सांगते. झेंडा आधी पार शेंड्याला न्यायचा, तिथे क्षणभर ठेवायचा, मग निम्म्यावर आणायचा. उतरवतानाही तसंच: निम्म्यावरून पुन्हा शेंड्याला, आणि मगच खाली. माझ्या मते सगळा मान त्या क्षणभरात आहे. तो गाळला तर कंटाळून अर्ध्यात सोडलेला झेंडा आणि दुखवट्याचा झेंडा यांत फरक काय राहिला?

निम्मं म्हणजे नेमकं किती? काठीला ताण दिलेला असेल तर शेंडा आणि ताणाची दोरी यांच्या मधोमध, नसेल तर काठीच्या निम्म्यावर. नजरेच्या अंदाजावर सोडलं की २० फुटी काठीवर झेंडा शेंड्याखाली दोन-तीन फुटांवरच थांबतो, आणि रस्त्यावरून तो नेहमीसारखाच दिसतो. एकदा मोजून जागा ठरवा आणि त्या वेळी खुंटीपाशी येणाऱ्या दोरीला रंगीत धागा बांधून ठेवा. झेंडा उलगडूनच बांधायचा. फुलं भरलेली घडी वर नेऊन झटक्याने सोडायची रीत १५ ऑगस्टला ठीक आहे.

कुणासाठी कुठे, हेही ठरलेलं आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांचं निधन झालं तर देशभर. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री असतील तर त्या राज्यात. ही यादी पदावर असलेल्यांची. माजी पंतप्रधानांसाठी सरकार दुखवटा जाहीर करतं तेव्हा झेंडा अर्ध्यावर येतो. मनमोहन सिंग यांचं २६ डिसेंबर २०२४ ला निधन झालं, तेव्हा दुखवटा सात दिवसांचा, १ जानेवारीपर्यंत होता. आणि आदेश असतो तो जिथे झेंडा नेहमी फडकतो तिथल्यासाठी. वर्षातून दोनदाच झेंडा लावणाऱ्या सोसायटीने मुद्दाम काठी उभी करायची गरज नाही.

वाजपेयी गेले १६ ऑगस्ट २०१८ ला. हेच एक दिवस आधी झालं असतं तर? स्वातंत्र्यदिनी झेंडा अर्ध्यावर आणत नाहीत. पार्थिव ज्या इमारतीत असेल तिथलाच तेवढा येतो, आणि पार्थिव बाहेर नेलं की तोही पुन्हा शेंड्याला जातो.

पार्थिवावर झेंडा फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारात. गल्लीतल्या पुढाऱ्यावर घातलेला दिसतो तो बेकायदाच, भावना कितीही खरी असो. केशरी पट्टा डोक्याकडे. अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी तो काढून घ्यायचा. झेंडा सरणावर जात नाही, खड्ड्यातही जात नाही.