प्रतिक्रियेला उत्तर: कॉन्स्टन्शियाने लग्नाला नकार का दिला?

तुमचा आक्षेप असा की, सुरुवातीच्या अमेरिकन कादंबऱ्या म्हणजे फसलेल्या मुलींचे नीतिपाठ; त्यांत पैसा आणि कायदा मी आजच्या नजरेने शोधते आहे. ‘शार्लट टेम्पल’ या कादंबरीपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउनची ‘ऑरमंड’ (1799) पुन्हा काढून बघा.

तिची नायिका कॉन्स्टन्शिया डडली. तिच्या वडिलांना धंद्यातला भागीदार बुडवतो. आई जाते, वडिलांची दृष्टी जाते आणि फिलाडेल्फियातलं घर मुलीच्या शिवणकामावर येतं. त्यात 1793ची पीतज्वराची साथ. शहरात सुमारे 5,000 माणसं मेली, ज्यांना परवडलं ती बाहेर पळाली. मग शिवण टाकणार कोण? घरभाडं मात्र द्यायचंच. ताटात रोज मक्याच्या पिठाची लापशी, कारण त्याहून स्वस्तात पोट भरत नाही. अशा वेळी बाल्फर हा सुस्थितीतला व्यापारी तिला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. ब्राउनने कारणही स्पष्ट दिलंय: कष्ट असले तरी आज कमाई तिची आहे, ती कशी खर्चायची ते तीच ठरवते, लग्न झालं की हा अधिकार संपला.

हे अक्षरशः कायद्याचं वर्णन आहे. अमेरिकेत चालू राहिलेल्या इंग्रजी कॉमन लॉप्रमाणे (रूढी आणि न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेला कायदा) बायकोची मजुरी, रोकड, सामानसुमान नवऱ्याचं. जमीन तिच्या नावावर राहिली तरी उत्पन्न त्याचं. त्याच्यावर कर्ज झालं की तिने माहेरून आणलेल्या वस्तूंवरही जप्ती येई. आपल्याकडच्या स्त्रीधनासारखी आपसूक सोय तिथे नव्हती. श्रीमंत बाप लग्नाआधी विश्वस्त नेमून मुलीची मालमत्ता वेगळी बांधून ठेवत. शिवणकाम करणारीला ते कुठून जमणार? न्यूयॉर्क राज्यात विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळाला 1848मध्ये, कमाईवर 1860मध्ये.

आणि नीतिपाठाचा दाखला म्हणून तुम्ही दिलेली ‘द कॉकेट’ (1797) ही कादंबरी? तिथे नायिका एलायझाला नादी लावणारा सॅनफर्ड कर्जात बुडालेला आहे. एलायझाकडे पैसा असता तर तिच्याशीच लग्न केलं असतं, हे तो मित्राला पत्रात उघड लिहितो आणि पैसेवाल्या नॅन्सीशी लग्न करतो. अखेरीस घरदार सावकारांच्या हाती जातं, नॅन्सीही त्याला सोडते. एकदा फक्त सॅनफर्डची पत्रं सलग वाचा. पानोपानी पैसाच भेटेल.