वसईच्या घंटा : फिरणाऱ्या मजकुरातले चार दावे

भीमाशंकर किंवा मेणवलीच्या घंटेचा फोटो आणि खाली ठरलेला मजकूर व्हॉट्सॲपवर वारंवार येतो : ‘चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यातून पाच घंटा आणल्या. त्या पंचधातूच्या असून सोन्या-चांदीमुळे त्यांचा नाद इतका गोड आहे. घंटेवर विजयाचे साल कोरले आहे.’ यातला मूळ प्रसंग खरा आहे, म्हणूनच त्याला चिकटलेल्या चुका खटकतात.

‘पाचच घंटा.’ भीमाशंकर, मेणवली, पुण्याचे ओंकारेश्वर अशी नावे या यादीत असतात. पण नाशिकचे नारोशंकर, पालीचा बल्लाळेश्वर आणि थेऊर इथल्या घंटांबद्दलही हीच परंपरा सांगितली जाते. एवढ्यावरच पाचाचा आकडा मोडतो.

‘किल्ल्यातून आणल्या.’ मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम 1737 मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली, केळवे-माहीम आणि तारापूरकडे पसरली आणि मे 1739 मध्ये वसई पडल्यावर संपली. या साऱ्या पट्ट्यात गावोगावी लहान धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या वस्त्यांची) चर्चेस होती. त्यामुळे एखादी मध्यम घंटा किल्ल्यातल्या मोठ्या चर्चची असेल, तशी साष्टीतल्या एखाद्या गावचीही असू शकेल. घंटेवर संताचे किंवा चर्चचे नाव असेल तरच त्यावर बोलता येते. नुसता क्रूस किंवा येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे (IHS) पुरेशी नाहीत. ती अक्षरे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची खूण असली तरी इतरही वापरत.

‘विजयाचे साल.’ मेणवलीच्या घंटेवर 1707 आहे, म्हणजे वसई पडण्याच्या 32 वर्षे आधीचे साल. ते घंटा ओतल्याचे असते. मजकूर आणि मारिया-बाळ येशूची आकृती आधी मेणात घडवून खोट्या घंटेवर, म्हणजे घंटेच्या मातीच्या नमुन्यावर, चिकटवत, वर मातीचा साचा चढवत. मेण वितळून गेले की साच्यात खळगा उरतो, त्यात धातू शिरतो. म्हणून ही अक्षरे उठावाची असतात. विजयानंतर कोणी साल घातले असते तर ते छिन्नीने खोल कोरलेले दिसले असते. बोट फिरवले की फरक कळतो.

आता सोन्या-चांदीचे. युरोपीय घंटा म्हणजे कासे : साधारण 75 ते 80 टक्के तांबे, 20 ते 25 टक्के कथील. कथील कमी पडले की आवाज बसका होतो, फार झाले की घंटा ठिसूळ होते. जुन्या ओतकामात शिसे-जस्त थोडे सापडते, पण ती भेसळ असते. सोने-चांदी मऊ, ती घालून नाद सुधारत नाही, प्रमाण वाढले तर उलट मंदावतो. गोडवा येतो तो आकारातून. लोलक आदळतो तिथला ओठ सर्वांत जाड, व्यासाच्या सुमारे तेराव्या-चौदाव्या भागाइतका. वर भिंत पातळ होत जाते. त्यातून एकाच ठोक्यात अनेक स्वर उठतात : खाली खर्जाची गुंजन आणि मुख्य स्वराच्या वर कोमल गंधार. चर्चच्या घंटेत जाणवणारी किंचित करुण छटा त्या गंधाराची आहे. धातूची खात्री हवीच असेल तर क्ष-किरण उपकरणाने तुकडा न काढता तपासता येते, मात्र गंजलेल्या पृष्ठभागावर कथील जास्त दिसते, हे ध्यानात ठेवावे.

वजनाचे आकडेही असेच फुगतात. तोंडाचा व्यास 1 मीटर असेल तर वजन ढोबळमानाने 600 ते 650 किलो, 60 सेंटीमीटर असेल तर 130-140 किलो. व्यास दुप्पट तर वजन आठपट. टेप लावा, मग आकडा लिहा.

या मजकुरामुळे गर्दी वाढते आणि घंटा जोरजोरात बडवली जाते, हे जास्त चिंतेचे आहे. लोलक दोरीने ओढून ओठाला टेकवून धरला तर कंप कोंडतो आणि तडा जातो. दगडाने किंवा लोखंडी दांड्याने मारल्यावरही तेच. तडा गेल्यावर गावातल्या वेल्डरकडे देऊ नये : एकाच जागी उष्णता लागली की कासे शेजारी पुन्हा फुटते, पूर्ण घंटा भट्टीत सारखी तापवावी लागते. ऑइलपेंटने नाद मरतो, चिंच-वाळूने घासून अक्षरे जातात. नोंद हवी असेल तर कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, पातळ कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि तिरप्या उजेडात चारही बाजूंचे फोटो काढावेत.