जड पदार्थात आवाज जोरात पळतो? नाही हो, कारणच उलटं सांगितलंय

एक फॉरवर्ड फिरतोय सध्या. पदार्थ जितका जड आणि दाट तितका आवाज त्यातून फास्ट जातो म्हणे, म्हणून हवेत हळू, पाण्यात जास्त आणि लोखंडात सगळ्यात जास्त. पुढे, पावसाळ्यात हवा जड होते म्हणून आवाज लवकर पोचतो, आणि शेवटी मुलांना सल्ला की रुळाला कान लावून बघा. दहावीची पोरं हे असंच पाठ करतायत म्हणून लिहायला बसले.

हवा, पाणी, लोखंड हा क्रम खरा आहे. हवेत २० डिग्रीला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, पाण्यात १४८० च्या आसपास, लोखंडाच्या सळईत ५००० च्या आसपास. पण जडपणामुळे? मग पारा बघा ना, पाण्याच्या १३.६ पट जड, तरी त्यात वेग १४५० च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा जरा कमीच. शिसं लोखंडापेक्षा जड, पण त्यात आवाज लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो. आणि हेलियम हवेपेक्षा सातपट हलका, त्यात वेग हवेच्या जवळपास तिप्पट!

खरं काम असतं ताठरपणाचं. कण दाबला की तो किती जोर लावून जागेवर परत येतो यावर लाट पुढे सरकते, आणि कण जड असेल तर तो हलायलाच आळस करतो. म्हणून सूत्रात ताठरपणा वर असतो आणि घनता खाली, छेदात, आणि त्या सगळ्याचं वर्गमूळ. लोखंड हवेच्या साडेसहा हजार पट जड आहे खरं, पण ताठ आहे दहा लाखांहून जास्त पट, म्हणून जिंकतं. आकडे घालून पोरांकडून एकदा गणित करून घ्या, पंधरापट वेग येतो बरोबर.

पावसाळ्याचं तर पूर्ण उलटं आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि आवाज किंचित, अगदी किंचितच, फास्ट जातो. त्यापेक्षा तापमानाचा फरक मोठा, एका डिग्रीला सुमारे ०.६ मीटर.

राहिला रूळ. लोखंडातून आवाज आधी पोचतो हे १८०८ च्या सुमारास बिओ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये ९५१ मीटर लांब ओतीव लोखंडाच्या पाइपवर दाखवलं होतं, एका टोकाला ठोकलं की दुसऱ्या टोकाला दोन आवाज यायचे, पाइपमधला आधी आणि हवेतला अडीच सेकंदांनी. पण रुळात लांबची गाडी ऐकू येते ती या वेगामुळे नाही, तर आवाज हवेत चहूकडे पसरून विरतो आणि रुळात तो रुळाच्या बाजूनेच पुढे जात राहतो म्हणून. वेगाने मिळतात किलोमीटरमागे जेमतेम पावणेतीन सेकंद, आणि तेवढ्यासाठी कुणाच्या लेकराचं डोकं रुळावर? तो सल्ला आधी काढा त्या फॉरवर्डमधून. टेबलाला कान लावून दुसऱ्या टोकाला नखाने खरवडा, घरबसल्या तेच ऐकू येतं.