आयफोनचे फोटो ती सर्व्हिस पळवत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ॲपल मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस दिसली तर ताबडतोब बंद करा. ती लपून चालते, पोर्ट उघडते आणि केबल लावताच आयफोनमधले फोटो बाहेर पाठवते.' माझ्या मावशीने तो वाचून सर्व्हिस डिसेबल केली. मग आयट्यून्सला फोन दिसेना. केबल गेली असं समजून तिने नवी आणली, तरी बॅकअप होईना. म्हणून हे लिहितेय.

'लपून चालते.' नाही. सर्व्हिस म्हणजे खिडकी न उघडता मागे चालणारा प्रोग्राम. ॲपलच्या साइटवरून आयट्यून्स घेतलं की ती सोबत येते आणि सर्व्हिसेसच्या यादीत स्वतःच्या नावानेच दिसते. केबल एकच असली तरी बॅकअप, फोटो, गाणी अशी बरीच कामं तिच्यावरून एकाच वेळी चालतात. कुठलं काम फोनमधल्या कुठल्या पोर्टला (केबलचं भोक नव्हे, नंबर दिलेलं सॉफ्टवेअरमधलं दार) जोडायचं, हे ही सर्व्हिस बघते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर लाइन जोडून द्यायची, तसं. मॅक आणि लिनक्सवर हेच काम यूएसबीमक्सडी नावाचा प्रोग्राम करतो. लिनक्सवरचा तर ओपन सोर्स आहे, कोड कुणीही वाचावा.

'पोर्ट उघडते.' हे खरं आहे. नंबर २७०१५. पण कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट (जोडण्या आणि पोर्ट दाखवणारी कमांड) चालवून बघा, त्या नंबराआधी १२७.०.०.१ दिसेल. हा पत्ता म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःच. बाहेरच्या मशीनला तिथे येताच येत नाही. (काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमचे सर्व्हरही हाच नंबर वापरतात. त्यामुळे नुसता नंबर शोधला तर भलतंच काहीतरी समोर येतं.)

'केबल लावताच फोटो जातात.' फोन आधी विचारतो: या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? २०१३ मधल्या आयओएस ७ पासून हा प्रश्न येतो, आयओएस ११ पासून त्यासाठी पासकोडही लागतो. होकार मिळेपर्यंत कॉम्प्युटरला फोनचं नाव, मॉडेल अशी जुजबी माहिती कळते. फोटो नाहीत.

खरा धोका या होकारातच आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. होकार दिला की फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांच्या डिजिटल किल्ल्या, म्हणजे ओळख पटवणाऱ्या फाइल्स, जपून ठेवतात. विंडोजवर त्या प्रोग्रामडेटामधल्या ॲपलच्या 'लॉकडाउन' फोल्डरमध्ये असतात. पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना घाईत 'ट्रस्ट' दाबलं असेल, तर तिथल्या कॉम्प्युटरकडे तुमच्या फोनची किल्ली आहे. घरची सर्व्हिस बंद करून ती परत मिळत नाही. २०१८ च्या आयओएस ११.४.१ पासून फोन तासाभराहून जास्त लॉक राहिला तर केबलवरची डेटाची वाट बंद होते, पण अनलॉक केला की ती पुन्हा उघडते.

त्यावर उपाय फोनमध्येच आहे: सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन, रीसेट, रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी. आधीचे सगळे होकार रद्द होतात. सर्व्हिस बंद केली असेल तर सर्व्हिसेसमध्ये तिचा स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा, 'स्टार्ट' दाबा आणि मग केबल जोडा. मावशीचा बॅकअप त्याच संध्याकाळी झाला, जुन्याच केबलने.