सात दिवस, एक टाच आणि डिकीत न मावणाऱ्या पाच बॅगा

सात दिवसांच्या सहलीत दिवस पाचच असतात, हे गणित सगळ्यात आधी घरच्यांच्या गळी उतरवावं लागतं. पहिला दिवस विमानतळावर बॅगा मोजण्यात जातो, शेवटचा त्याच बॅगा पुन्हा भरण्यात. उरलेल्या पाचांत दक्षिण इटलीचा समुद्रकिनारा बसवायचा. नकाशा उघडला की जो तो बोट ठेवतो. एकाला आमाल्फी हवं, दुसरीला कालाब्रियातलं त्रोपेआ, तिसऱ्यानं लेच्चेचे फोटो ग्रुपवर टाकूनही झालेले, आणि काकांना ‘एवढं गेलोच आहोत तर’ सिसिली. या चार शब्दांनी जेवढ्या सहलींचं वाटोळं केलंय तेवढं पावसानंही केलं नसेल.

नकाशात इटलीचा बूट तळहाताएवढा दिसतो. प्रत्यक्षात सालेर्नोहून बुटाच्या चवड्यापर्यंत, म्हणजे रेज्जो कालाब्रियापर्यंत, ए-२ महामार्ग चारशे किलोमीटरच्या वर आहे. त्याला टोल नाही म्हटल्यावर काकांचे डोळे चमकतात. पण नाव ‘भूमध्य महामार्ग’ असलं तरी हा रस्ता बराचसा डोंगरातून, बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जातो. समुद्र पाहुण्यासारखा डोकावतो आणि जातो. तो सोडून खालच्या किनाऱ्याच्या रस्त्यानं जावं, तर कालाब्रियात कित्येक ठिकाणी रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ. पाणी दिसतं, पाय बुडवता येत नाहीत.

आमाल्फीचा एसएस १६३ रस्ता सुंदर आहे यात वाद नाही. पन्नासेक किलोमीटरच्या या रस्त्याला दोन तास धरा आणि उन्हाळ्यात धरूच नका. वरंधा घाटात अवघड वळणावर समोरून एसटी आली की काय होतं ते आठवा. इथे तसं दर तिसऱ्या वळणावर होतं, फक्त एसटी निळी असते. गर्दीच्या मोसमात ठराविक दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ गाड्यांना सम-विषम नंबराचा नियम असतो, आणि भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट आपल्याला निवडता येत नाही. आमाल्फी बघायचंच असेल तर सालेर्नोला मुक्काम करावा आणि तिथून बोटीनं जावं. अर्ध्या-पाऊण तासात पोचतो, आणि त्या रस्त्याचं खरं सौंदर्य लांबून, दुसऱ्याची गाडी अडकलेली पाहतानाच कळतं.

तेव्हा माझं मत टाचेला. पुलिया प्रांत, बारीपासून सांता मारिया दी लेउकाच्या टोकापर्यंत. जमीन सपाट, गावं जवळजवळ, बारी ते लेच्चे दीडशे किलोमीटरचा चौपदरी रस्ता आणि त्यावर टोल नाही. मुंबईहून रोमला उतरलात तर तिथे गाडी घेऊ नका. रेल्वे साधारण चार तासांत बारीला सोडते, आणि जागरणानं तारवटलेल्या डोळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उजव्या बाजूनं गाडी चालवायला रोम ही जागा नव्हे. पहिली रात्र बारीत पायीच काढावी. जुन्या गावात आर्को बास्सोच्या गल्लीत बायका दारात पाट मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसतात. पिठाची वळी लाटायची, सुरीनं तुकडा पाडायचा, तो सुरीच्या पात्याखाली दाबत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा की झाला इवलासा कान. हातांचा वेग असा की आपल्या शेवया वळणाऱ्या बायकांनीही मान डोलवावी.

आता कागद. गाडी चालवणाऱ्याला मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतच मिळतो: फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. चालवणार दोघं असतील तर दोघांनीही काढावा, आणि दुसऱ्याचं नाव गाडीच्या करारात जास्तीचे पैसे भरून घालावं. ‘घाटात थोडा वेळ मी घेतो’ ही आपली पद्धत तिथल्या विम्याला समजत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा आणि राहण्याचं बुकिंग लागतं. म्हणजे काकांचा सिसिलीचा विषय मिटण्याआधी हॉटेलं ठरलेली हवीत. यावर उपाय एकच, फुकटात रद्द होणारी बुकिंगं.

महिना कोणता? शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे आपल्याला जमतो आणि त्यांनाही गर्दी नसते. फक्त समुद्र गार असतो. पाण्यात डुंबायचं असेल तर सप्टेंबर. १५ ऑगस्टला इथे झेंडावंदन असतं, तिथे फेर्रागोस्तोची सुट्टी, आणि त्या आठवड्यात अख्खा देश टॉवेल घेऊन किनाऱ्यावर असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच खानावळी आणि छत्र्या बंद झालेल्या आढळतील.

गाडीच्या कंपन्या ‘फियाट पांडा किंवा तत्सम’ असं लिहितात. सगळी गोम ‘तत्सम’मध्ये आहे. पांडाची डिकी २२५ लिटरची. आपली मोठी बॅग, म्हणजे लाडू, चिवडा आणि इस्त्रीचे कपडे भरलेली, नव्वद-शंभर लिटरच्या घरात. दोन मावतात. पाच माणसं आणि पाच बॅगा म्हटल्यावर उरलेल्या तीन बॅगा तीन मांड्यांवर. मोठी गाडी घ्यावी तर जुन्या गावांतल्या गल्ल्यांत आरसे मिटून जावं लागतं. म्हणून बॅगा लहान घ्या. (हे वाक्य मी घरात कितीही मोठ्यानं म्हटलं तरी कुणाला ऐकू जात नाही.) दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांची वेगळी सीट सक्तीची आहे, तीही आधीच सांगून ठेवावी लागते.

गाडी ऑटोमॅटिकच मागा, थोडी महाग पडली तरी. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि इंडिकेटरची दांडी डावीकडे. आपला हात सवयीनं उजवी दांडी ओढतो आणि वळायच्या ऐन वेळी लख्ख उन्हात वायपर सुरू होतात. मागचा इटालियन हॉर्न वाजवतो तो वायपरला नव्हे, आपण न दिलेल्या सिग्नलला. चौकातल्या गोलाला उजवीकडून शिरून घड्याळाच्या उलट फिरायचं, हे निघायच्या आदल्या रात्री ताटाभोवती वाटी फिरवून घटवून घ्यावं. त्यात क्लच आणखी नको.

काउंटरवर गेल्यावर ते क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट चालेलच असं नाही, आणि कार्ड चालकाच्याच नावावर हवं. बायकोचं, मेहुण्याचं, कंपनीचं चालत नाही. त्यावर ते अनामत अडकवून ठेवतात, म्हणजे पैसे जात नाहीत पण वापरताही येत नाहीत. टाच बघायला निघालेल्या माणसाच्या कार्डावर अशी पहिली टाच येते. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू केलेत का आणि मर्यादा पुरेशी आहे का, हे घरूनच बघा. साध्या विम्यात बहुतेकदा टायर, काचा आणि गाडीचं पोट धरलेलं नसतं. पुलियात ऑलिव्हच्या बागांमधून जाणाऱ्या वाटांना दोन्ही बाजूंनी दगडी गडगे असतात, कोकणातल्यासारखेच, बिनचुन्याचे. नकाशावाली बाई ‘जवळचा रस्ता’ म्हणून त्यातच घालते. शेतघरात उतरणार असाल तर पत्त्यात नुसतं ‘कोंत्रादा अमुक’, म्हणजे अमुक वाडी, असतं, घरनंबराचा पत्ता नसतो. मालकाकडून नकाशावरची नेमकी खूण मागवून घ्या.

आता खरा खलनायक. त्याचं नाव झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावांच्या तोंडाशी लाल कड्याची गोल पाटी असते, आत फक्त परवानगीवाल्या गाड्या. बारी, लेच्चे, ओस्तुनी, पोलिन्यानो, जिथे जिथे आपल्याला जायचंय तिथे तिथे. पाटीखालच्या दिव्यांच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरं लकाकतात. ‘वार्को’ म्हणजे प्रवेशद्वार, ‘आत्तीवो’ म्हणजे चालू. आपण म्हणतो, वा, दार चालू आहे, चला आत. चालू असतो तो कॅमेरा. ‘नोन आत्तीवो’ असेल तेव्हाच जायचं. इंग्रजी येणारा माणूस इथे हमखास फसतो, न येणारा घाबरून बाहेर थांबतो आणि वाचतो. दंड ऐंशी युरोंच्या पुढे, तोही दर खेपेला. चुकून शिरलात, बाहेर पडलात, चुकीची खात्री करायला पुन्हा शिरलात, की दोन. तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी आपली दक्षिणा वेगळी कापते. परदेशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहल विसरली जाते तेव्हा ती येते. हॉटेलच आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना कळवा, ते नोंदवून देतात. नाहीतर गाडी बाहेर ठेवून चाकाच्या बॅगा दगडी फरसबंदीवरून खडखडवत न्या.

बाहेर ठेवायची तरी रंग बघून. पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या दुसऱ्या कुणासाठी तरी राखीव. निळ्याचं यंत्र बऱ्याचदा गाडीचा नंबर विचारतं. तो कुणालाच पाठ नसतो आणि गाडी तीनशे मीटर मागे असते. पहिल्याच दिवशी नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा.

पेट्रोलला ‘बेंझीना’ म्हणतात. ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. गॅसोलीनशी गल्लत करणारं हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्या डोक्यात परदेशी पाहुणे नक्कीच असणार. नोझलवर गोलात ई-५ किंवा ई-१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी-७ असेल तर डिझेल. गाडीच्या झाकणाच्या आत तेच चिन्ह असतं, ते जुळवा आणि मगच ओता. ‘सेर्वितो’ लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे चांगले पैसे जास्त लागतात. ‘सेल्फ’वर आपण भरायचं. दुपारी माणूस जेवायला गेला की यंत्रच उरतं. त्यात पन्नासची नोट घातलीत आणि टाकी तिसातच भरली, तर सुटे परत येत नाहीत, एक पावती येते. जपून ठेवा, सुंदर असते.

दुपारच्या या निवांतपणाला दक्षिणेत ‘कोंत्रोरा’ म्हणतात. एक ते चार-साडेचार दुकानांची शटरं खाली, गल्लीत मांजरसुद्धा नाही. इथे पुण्याचा विनोद अपेक्षित आहे, तो वाचकांनी आपापला करून घ्यावा. योजनेच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते साडेसात-आठलाच उघडतं. बारा माणसांना बारा वेगवेगळ्या वेळी भूक लागणारं कुटुंब तिथे टिकत नाही. सकाळीच बेकरीतून टोमॅटोवाला फोकाच्चा आणि ताराल्ली घेऊन ठेवाव्यात. ताराल्ली म्हणजे बडीशेप घातलेली छोटी कडबोळी. फरक इतकाच की वाइन आणि ऑलिव्हचं तेल घालून आधी उकळतात आणि मग भाजतात.

शाकाहारी मंडळींचं पुलियात चांगलं चालतं. ‘फावे ए चिकोरिया’ म्हणजे सोललेल्या वालासारख्या डाळीचा घोटलेला मऊ गोळा आणि शेजारी कडसर पालेभाजी, वर तेलाची धार. पिठल्याच्या वंशातलाच पदार्थ आहे, आजींना ओळखीचा वाटतो. मात्र शलगमाच्या पाल्याच्या हिरव्यागार ओरेक्किएत्तेत अँचोव्ही नावाची मासळी विरघळवलेली असू शकते, ती दिसत नाही. ‘सेंझा आच्चूगे’, म्हणजे तिच्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस काढतात, मासा ठेवतात. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो बसण्याचा आकार. त्यावर भांडू नका.

आणि मग दोन दिवस राखून ठेवलेला टाचेचा फेरा: लेच्चे, गाल्लीपोली, लेउका, ओत्रांतो, परत लेच्चे. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. बहुतेक जण आधी ओत्रांतोला जातात. तसं करू नका. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून आधी गाल्लीपोलीला जाऊन तिथून दक्षिणेला उतरायचं आणि लेउकाहून वर ओत्रांतोकडे यायचं. असं केलं की समुद्र सतत आपल्याच बाजूला राहतो आणि कड्यावर कुठेही जागा दिसली की समोरची रांग न ओलांडता गाडी बाजूला घेता येते. घड्याळाच्या उलट फिरतोय म्हणून सासूबाईंनी शंका काढली तर सांगावं, समुद्राला देव मानलं तर तो उजव्या हातालाच आहे, प्रदक्षिणा सव्यच होतेय.

लेउकाच्या दीपस्तंभापाशी दोन समुद्र मिळतात म्हणून लोक पाण्यात रेघ शोधत उभे राहतात, कन्याकुमारीला उभे राहतात तसेच. दर्यावर्दींच्या एका हिशेबानं ती हद्द वर ओत्रांतोजवळच्या पालाशीआ टोकाला आहे. पण हे तिथे बोलू नये, फोटो काढणाऱ्यांचा हिरमोड होतो. लेउका ते ओत्रांतो हा एसपी ३५८ रस्ता मात्र सकाळी करा. खाली चोलोची निळी घळ, मग कास्त्रो, सांता चेझारेआ. पन्नास किलोमीटरला अख्खी सकाळ लागली तर ती वाया गेली नाही असं समजा. माटेरा हे गाव या फेऱ्यात बसत नाही. काका विचारतील. नाही म्हणा.

गाडी परत करताना टाकी विमानतळाच्या अलीकडच्या गावातच भरा आणि पावती ठेवा. रविवारी काउंटर बंद असेल तर किल्ली पेटीत टाकून यावं लागतं, गाडी बघायला कुणी नसतं. म्हणून चारही बाजू, चाकं, छप्पर, काचा, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचे फोटो घ्यायचे; घेताना एकदा, देताना एकदा. ते किमान वर्षभर फोनमध्ये राहू द्या. जागा कमी पडली तर ग्रुपवरच्या शुभ सकाळच्या गुलाबांपासून सुरुवात करा.