शुगरवाल्याला डबा वेळेवर खाऊ द्या

"दहा मिनिटं थांब रे, एवढा माल उतरू दे." हे वाक्य कानावर पडलं की आता डोकं फिरतं. जेवणाची सुट्टी कागदावर साडेबाराची. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या चटईच्या युनिटमध्ये ती कधी एकला होते, कधी दीडला, ऑर्डर अर्जंट असली तर अडीच वाजतात. बाकीचे कुरकुर करतात आणि त्यांचं भागतं. माझं भागत नाही. मी इन्सुलिनवर आहे.

सकाळी घरून निघताना मिक्सचं इंजेक्शन (लगेच चढणारं आणि सावकाश चढणारं इन्सुलिन एकत्र) टोचून, नाश्ता करून निघतो. त्यातला सावकाश चढणारा भाग नेमका दुपारी जोर धरतो. एकदा अंगात गेलेलं औषध परत काढता येत नाही आणि त्याला थांब म्हणूनही सांगता येत नाही. त्याला वेळेवर भाकरी लागते. ती मिळाली नाही की साखर खाली यायला लागते. ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, जीभ जड होते, समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही. आणि तसल्या हातांनी चालू लूमजवळ, म्हणजे चटई विणायच्या मशिनजवळ, उभं राहायचं!

हे सगळं सांगून झालंय. सुपरवायझरला सांगितलं, एचआरच्या मॅडमना डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज दिला. उत्तर काय? "शुगर आता सगळ्यांनाच आहे, प्रत्येकाला वेगळा टाइम दिला तर कंपनी चालायची कशी?" अहो, सगळ्यांनाच आहे तर मग आधी त्याची सोय करा ना! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा आकडा २०२३ साली आला, देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. ती माणसं काय घरी बसून आहेत? ती लूमवर आहेत, एसटीच्या स्टिअरिंगवर आहेत, रावेर-यावलकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरतायत. आणि वेगळा टाइम मागतोय कोण? १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं की सलग पाच तासांच्या वर काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्या. तेही धडधाकट माणसासाठी! सातला पाळी सुरू होते. अडीचपर्यंत किती तास झाले ते साहेबांनीच मोजावं.

आमच्याकडे एक बापू होते. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारा माणूस. शुगरच्या गोळ्या चालू होत्या, आणि काही गोळ्यांनीही साखर अशीच खाली जाते. थंडीच्या दिवसांत ते गठ्ठ्यांना टेकून बसलेले, शर्ट घामानं ओला, बोलणं अडखळत. सुपरवायझरनं काय करावं? वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला! "सकाळी सकाळीच टाकून आले का बापू?" सगळ्या शेडसमोर. माळकरी माणसाला! आणि तशाच अवस्थेत एकट्याला गेटबाहेर काढलं. कँटीनमध्ये साखरेचा डबा होता. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखान्यात न्यायचं. एवढंच शिकायचं असतं. आग विझवायचं नळकांडं कसं वापरायचं ते आम्हाला शिकवलं, हे शिकवायला कुणाला वेळ नाही.

दुसऱ्या पाळीचं तर बोलायलाच नको. रात्री आठचं इन्सुलिन इथेच घ्यावं लागतं. कुठे? संडासात. दाराला कडी नाही. एका हातानं दार ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं पोटात सुई टोचायची. त्या वासात, त्या ओल्या फरशीवर. रिकामी खोली मागितली तर म्हणे इतरांना बघवत नाही.

आणि मे महिना! बाहेर पारा ४५ला टेकलेला, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तीस अंशांच्या वर इन्सुलिन ठेवायचं नाही, हे डॉक्टर दर वेळी बजावतात. ऑफिसात फ्रीज आहे. त्यात ठेवू का विचारलं तर "साहेबांच्या पाण्याच्या बाटल्यांजवळ औषधं नकोत." म्हणून मी घरून छोटं मडकं आणतो, त्यात ओली वाळू, वाळूत डबी, वरून ओलं फडकं. वॉचमन रोज गेटवर ते उघडायला लावतो.

वर लोकांची बोलणी. कुणाचा वाढदिवस असला की "एका पेढ्यानं काय होतं भो?" म्हणून तोंडापर्यंत पेढा आणायचा. आणि शुगर लो झाली म्हणून मी ग्लुकोज खाल्लं की तेच लोक म्हणतात, बघा, शुगरवाला गोड खातोय.

१४ नोव्हेंबरला मात्र गेटवर बॅनर लागतं, कारण जागतिक मधुमेह दिन. २०२५ची त्याची थीमच होती मधुमेह आणि कामाची जागा. आमच्याकडे शिबिर झालं, रांगेत उभं करून बोटं टोचली. माझं ६४ आलं. आकडे लिहून घेणारा म्हणाला, "कमी आहे, छान!" आणि मला परत लूमवर पाठवलं. ६४ला छान म्हणणाऱ्या शिबिराचे फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर आहेत.

मी कायम कामगार आहे म्हणून एवढं तरी तोंड उघडतो. ठेकेदाराकडच्या पोरांना तेही नाही. शुगर आहे म्हणून सांगितलं की दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव नसतं. म्हणून ती लपवतात, गोळी चोरून घेतात, पायाला जखम झाली तरी बुटात दाबून काम करतात. त्यातला एक पोरगा माझ्याकडून गुपचूप ग्लुकोजची पुडी मागून नेतो. त्याला शुगर आहे हे शेजारच्या लूमवरच्या माणसालाही माहीत नाही. उद्या तो खाली बसला तर त्याच्याही तोंडाचा वासच घेणार का तुम्ही?