ढोंगी म्हणालात, त्याबद्दल

सलाम. तुम्ही मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, वाढलात असं लिहिलंय, म्हणून नमस्काराऐवजी हेच बरं.

पंडिता रमाबाईंवरच्या माझ्या लेखावर तुम्ही आम्हा ख्रिस्ती लोकांना ढोंगी म्हणता : लेखात रमाबाई, आणि लग्न जमवताना बाप्तिस्म्याआधीची जात, रविवारी इस्त्रीचा सदरा, सोमवारी पुन्हा तेच, त्यापेक्षा देव न मानणारे बरे.

जातीचं खरं आहे. "आमच्याकडे असलं काही नाही हो" म्हणून लगेच "पण मूळचे कुठले?" विचारणारे मी माझ्याच घरात पाहिलेत. त्या प्रश्नाला गावाचं नाव सांगून भागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे मी बचाव करणार नाही.

'ढोंगी' हा शब्द मात्र तुम्ही आमच्याच घरातून उचललाय. शुभवर्तमानात तो येशूच्या तोंडी आहे, आणि रोख आहे धर्म काटेकोर पाळणाऱ्यांवर. पुदिना, शेप, जिरं यांचाही दशांश मोजून देतात आणि न्याय, दया, विश्वास सोडून देतात, असं तो म्हणतो (मत्तय २३). मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ नट. तेव्हा खुशाल वापरा.

रमाबाईंना तुम्ही आमच्यासमोर आरसा म्हणून धरलंत. पण त्यांनी तो आधी स्वतःसमोर धरला होता. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, जगभर नाव झालं. आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कहाणीत, बाई सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. कुणी विचारलंही नसताना असं लिहायला छाती लागते.

माझी तेवढी नाही, तरी एक सांगतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं. मंडळीत आम्ही एकाच बाकावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असायचा, छोट्या पेल्यांचं ताट बाकावरून हातोहात यायचं. तो माझ्यापुढे ताट धरायचा, मी पेला उचलायचो, ताट पुढे द्यायचो. नजर ताटावरच. अर्पण आणण्याआधी भावाशी समेट कर, हे वचन आम्हा दोघांना तोंडपाठ. तेव्हा कुणी मला ढोंगी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. म्हणालो असतो, विश्वास वेगळा, पाणी वेगळं.

समेटही काही मन मोठं करून झाला नाही. माझी मोटार जळाली, ऊस वाळायला लागला, त्याच्या दारात जावं लागलं. वहिनींनी चहा टाकला. वचनाने जे झालं नाही ते मोटारीने केलं, म्हणा हवं तर.

न मानणारे बरे? असतीलही, मला त्यात वाद घालायचा नाही. यंदा धाकटीसाठी स्थळं बघायची आहेत. "मूळचे कुठले?" आमच्या घरात कोण विचारतं, आणि तेव्हा मी चहाच्या कपात बघत बसतो का, ते दिसेलच. दिवाळीनंतर इथेच विचारा.